विश्लेषण : केकविक्री, पदयात्रा, वर्गणी... आणि निर्वासितांना घर! काय आहे ‘सामुदायिक प्रायोजकत्व’?

युद्धामुळे देश सोडावा लागलेल्या एका कुटुंबाला आपल्या गावात आणायचे, घरभाड्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत त्याची जबाबदारी घ्यायची आणि त्यासाठी लागणारे पैसे गावातल्या कार्यक्रमांतून उभे करायचे, ही पद्धत कॅनडात चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. पुढे ब्रिटन आणि अमेरिकेनेही ती स्वीकारली. ती कशी चालते, किती पैसे लागतात, त्यांचा हिशेब कोण मागतो आणि आज तिच्यापुढे कोणता पेच उभा आहे, याचा आढावा.

सामुदायिक प्रायोजकत्व म्हणजे नेमके काय?

निर्वासितांचे पुनर्वसन हे एरवी सरकारचे काम मानले जाते. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था म्हणजे ‘यूएनएचसीआर’ सर्वाधिक धोक्यात असलेल्या कुटुंबांची शिफारस करते, एखादा देश त्यांना स्वीकारतो आणि तिथली यंत्रणा त्यांच्या राहण्याची सोय करते. सामुदायिक प्रायोजकत्वातही व्हिसा, ओळख पटवणे आणि सुरक्षेची छाननी ही कामे सरकारकडेच राहतात. मात्र विमानतळावर कुटुंबाला घ्यायला कोण जाणार, घर कोण शोधणार, मुलांचे नाव शाळेत कोण घालणार, या प्रश्नांची उत्तरे नागरिकांचा एक गट देतो. हा गट चर्चचा, मशिदीचा, एखाद्या संस्थेचा किंवा एका गल्लीतल्या पाच-दहा शेजाऱ्यांचा असू शकतो. सरकारशी लेखी करार करून तो ठरावीक काळाची जबाबदारी घेतो आणि त्यासाठीचा निधीही स्वतः उभा करतो.

ही कल्पना आली कुठून?

कॅनडाच्या १९७६ च्या स्थलांतर कायद्यात खासगी प्रायोजकत्वाची तरतूद झाली आणि १९७८ मध्ये तो अमलात आला. त्या वेळी तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. १९७९ मध्ये चित्र पालटले. व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून लोक देश सोडत होते आणि व्हिएतनाममधील अनेक जण मोडक्या होड्यांतून समुद्रात उतरत होते. ‘बोट पीपल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या लोकांची छायाचित्रे घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसू लागली. 

ओटावा शहराच्या तेव्हाच्या महापौर मॅरियन ड्युअर यांना कळले, की देशाने आठ हजार निर्वासित घेण्याचे ठरवले असून त्यातील चार हजारांची सोय झाली आहे. उरलेले चार हजार आमच्या शहराला द्या, अशी भूमिका त्यांनी घेतली. त्यातून ‘प्रोजेक्ट ४०००’ उभा राहिला आणि जुलै १९७९ मध्ये ओटावात झालेल्या सभेला हजारो नागरिक जमले. टोरंटोत प्राध्यापक हॉवर्ड अ‍ॅडेलमन यांच्या पुढाकाराने ‘ऑपरेशन लाइफलाइन’ सुरू झाले. लोकांचा उत्साह पाहून पंतप्रधान जो क्लार्क यांच्या सरकारने ५० हजार निर्वासितांचे लक्ष्य जाहीर केले आणि एक सूत्र मांडले : नागरिकांनी एकाची जबाबदारी घेतली, की सरकार आणखी एकाची घेईल. १९७९-८० या दोन वर्षांत सुमारे ६० हजार लोक कॅनडात पोहोचले. त्यातील निम्म्याहून अधिक नागरिकांच्या गटांनी आणलेले होते. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे नॅन्सेन पदक ‘कॅनडाच्या जनतेला’ देण्यात आले. एखाद्या देशाच्या संपूर्ण जनतेला हे पदक मिळाल्याचे ते एकमेव उदाहरण आहे.

गोव्याचा संबंध कुठे येतो?

त्याआधी सात वर्षे, ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. हाकलल्या गेलेल्यांत गुजराती आणि पंजाबी कुटुंबे मोठ्या संख्येने होती, तशीच पिढ्यान् पिढ्या पूर्व आफ्रिकेत नोकऱ्या करणारी गोमंतकीय कुटुंबेही होती. त्यातील काही कॅनडाला गेली, बरीच ब्रिटनला.

ब्रिटनने सुमारे २८ हजार लोकांना घेतले आणि त्यांना रिकाम्या लष्करी तळांवर ठेवले. तिथे ब्लँकेटे, गरम कपडे आणि जेवण पुरवण्याच्या कामात महिला स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. त्याच वेळी लेस्टर शहराच्या नगरपालिकेने युगांडातील वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असे कळवले होते. तरीही अनेक जण लेस्टरलाच गेले. आज तिथली दिवाळी आणि तिथली भारतीय बाजारपेठ हीच शहराची ओळख सांगितली जाते. सरकारी तळ आणि बंद दारे एकीकडे, ओळखीपाळखीने मिळालेली खोली आणि नोकरी दुसरीकडे, हा अनुभव पुढच्या काळासाठी महत्त्वाचा ठरला.

एका कुटुंबासाठी किती पैसे लागतात?

हे देशागणिक बदलते, कारण प्रत्येक ठिकाणी सरकार किती भार उचलते ते वेगळे आहे.

कॅनडात साधारणपणे १२ महिन्यांचा सगळा खर्च प्रायोजक गटावर असतो. घरभाडे, किराणा, वीज, बसचा पास, थंडीचे कपडे, फर्निचर हे सारे त्यात येते. चार जणांच्या कुटुंबासाठी काही वर्षांपूर्वीच्या सरकारी तक्त्यात २८,७०० कॅनेडियन डॉलर, म्हणजे अंदाजे १७-१८ लाख रुपये दाखवावे लागत. कोणी घर मोफत दिले किंवा फर्निचर दान केले, तर तेवढी रक्कम ठरावीक मर्यादेत वजा होते. २०१३ पासून एक मिश्र योजनाही आहे. तिच्यात सहा महिन्यांचा खर्च सरकार देते आणि उरलेल्या सहा महिन्यांचा गट देतो.

ब्रिटनमध्ये ही योजना जुलै २०१६ मध्ये सुरू झाली. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी लंडनमधील आपल्या निवासस्थानाच्या आवारात एका सीरियन कुटुंबाला जागा दिली आणि ते पहिल्या प्रायोजकांत गणले गेले. येथे गटाला किमान ९ हजार पौंड, म्हणजे अंदाजे १० लाख रुपये जमल्याचे दाखवावे लागते. शिवाय दोन वर्षांसाठी घर निश्चित करावे लागते आणि स्थानिक पालिकेची संमती घ्यावी लागते. रक्कम कॅनडापेक्षा कमी आहे, कारण ब्रिटनमध्ये आलेल्या कुटुंबाला सरकारी भत्ते पहिल्यापासून मिळू शकतात. गटाचा पैसा मधल्या फटी बुजवण्यासाठी असतो : आल्या आल्या हातात द्यायची रोकड, भाषांतरकाराचे मानधन, दवाखान्यापर्यंतचे प्रवासभाडे, मुलाचा शाळेचा गणवेश.

अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये ‘वेलकम कोअर’ सुरू झाली. पाच प्रौढांनी एकत्र यायचे, प्रत्येक निर्वासितामागे किमान २,२७५ डॉलर उभे करायचे आणि पहिले ९० दिवस साथ द्यायची, अशी तिची रचना होती.

पैसे उभे कसे राहतात?

गणेशोत्सवाच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन चार जिने चढलेल्या मराठी माणसाला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. एखादा धनिक मोठा धनादेश देतो, असे क्वचितच होते. बहुतेक रक्कम लहान लहान कार्यक्रमांतून जमते. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात घरी केलेल्या केकची विक्री होते. शाळेत प्रश्नमंजूषा होते, पबमध्ये लोकसंगीताची रात्र रंगते, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. ‘मी २० किलोमीटर चालेन, तुम्ही दर किलोमीटरला एक पौंड द्या’ अशा पदयात्रा निघतात. वेल्समधील नार्बर्थ, फिशगार्ड, कार्डिगन यांसारख्या छोट्या गावांतील गटांनी आपल्या नावात ‘क्रॉइसो’ हा शब्द घेतला. वेल्श भाषेत त्याचा अर्थ ‘स्वागत’.

कार्यक्रमांसाठी ठरलेला मुहूर्तही आहे. २० जून हा जागतिक निर्वासित दिन २००१ पासून पाळला जातो. त्याच्या आगेमागे ब्रिटनमध्ये ‘रेफ्युजी वीक’ असतो आणि त्याची सुरुवात १९९८ ची आहे. या आठवड्यात आधी आलेली कुटुंबे स्वतः स्वयंपाक करून गावाला जेवू घालतात. तिकीट काढून आलेला माणूस सीरियन किंवा अफगाणी जेवण जेवतो आणि जमलेले पैसे पुढच्या कुटुंबाच्या खात्यात जातात.

यात करांचे गणितही आहे. ब्रिटनमध्ये करदात्याने नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला देणगी दिली, की ‘गिफ्ट एड’ योजनेतून सरकार दर पौंडामागे २५ पेन्स घालते. म्हणजे ७,२०० पौंडांच्या देणग्या जमल्या, की ९ हजारांचा आकडा पूर्ण होतो. पण ही सवलत देणगीलाच आहे. केक विकून आलेल्या पैशाला ती नाही, कारण तिथे पैशाच्या बदल्यात वस्तू मिळालेली असते. म्हणून अनुभवी गट केकच्या टेबलाशेजारी देणगीचा अर्जही ठेवतात. मासिक पाच-दहा पौंडांची कायमची देणगी मिळाली, तर कार्यक्रमांच्या धावपळीपेक्षा ती अधिक भरवशाची ठरते.

मग पैसे जमले, की काम झाले?

खरे काम तिथून पुढे सुरू होते. या पद्धतीतील महत्त्वाची गोष्ट हीच आहे, की निधीसाठीचा कार्यक्रम आणि नंतरची मदत ही एकाच साखळीतील कामे असतात. प्रश्नमंजूषेला आलेल्या निवृत्त शिक्षिकेला कळते, की कुटुंबाला इंग्रजी शिकवायला कोणीतरी हवे आहे. केक घेणाऱ्याकडे रिकामी सदनिका असते. गॅरेजवाला म्हणतो, बाप गाडी दुरुस्त करू शकत असेल तर माझ्याकडे पाठवा. नऊ हजार पौंड एकाच बड्या देणगीदाराने दिले असते, तर पैसे आले असते, पण ही माणसे आली नसती.

गटातील कामाची वाटणीही ठरलेली असते. एक जण घराचे पाहतो, एक शाळेचे, एक दवाखान्याचे, एक बँक आणि सरकारी कागदपत्रांचे, एक जण खजिनदार. घर कुटुंब येण्याआधी तयार करावे लागते : पलंग, भांडी, पडदे, फ्रीजमध्ये भाजी. पहिल्या आठवड्यात बँक खाते, डॉक्टरकडे नोंदणी, बस कशी पकडायची, कचरा कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा, ही शिकवणी असते. कॅनडातील गटांत ‘तेरावा महिना’ हा शब्द प्रचलित आहे. करार बारा महिन्यांचा, पण तेराव्या महिन्याचे भाडे कुटुंबाला स्वतः भरता येईल का, ही खरी परीक्षा असते.

या ओळखींचा उपयोग होतो का? कॅनडा सरकारच्या २०१६ च्या मूल्यमापनात असे दिसले, की नागरिकांनी आणलेल्या निर्वासितांना सुरुवातीच्या वर्षांत सरकारी योजनेतून आलेल्यांपेक्षा नोकरी मिळण्याचे प्रमाण आणि उत्पन्न अधिक होते. अर्थात यात एक मेख आहे. सरकारी योजनेत आजारी, एकट्या पडलेल्या, कमी शिकलेल्या लोकांचे प्रमाण अधिक असते, तर खासगी प्रायोजकत्वातून येणाऱ्यांचे नातेवाईक अनेकदा कॅनडात आधीच असतात. त्यामुळे सगळे श्रेय शेजाऱ्यांना देता येत नाही.

अँटिगोनिशच्या चॉकलेटची गोष्ट काय?

सप्टेंबर २०१५ मध्ये तुर्कीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या अ‍ॅलन कुर्दी या चिमुकल्याच्या मृतदेहाचे छायाचित्र जगभर पोहोचले आणि कॅनडात १९७९ सारखीच लाट आली. जस्टिन ट्रुडो यांच्या नव्या सरकारने फेब्रुवारी २०१६ अखेरपर्यंत २५ हजार सीरियन निर्वासित आणण्याचे ठरवले. नोव्हा स्कॉशिया प्रांतातील सुमारे पाच हजार वस्तीच्या अँटिगोनिश गावातही एक गट उभा राहिला. त्याने आणलेले हाधाद कुटुंब दमास्कसमध्ये चॉकलेटचा कारखाना चालवत असे. तो बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता.

गावात आल्यावर त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात चॉकलेट बनवून स्थानिक बाजारात विकायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी हातभार लावून त्यांना छोटी शेड बांधून दिली. त्यातून ‘पीस बाय चॉकलेट’ ही कंपनी उभी राहिली. मे २०१६ मध्ये दूर पश्चिमेकडील फोर्ट मॅकमरे शहर वणव्याने रिकामे करावे लागले, तेव्हा या कुटुंबाने आपल्या कमाईतून तिथल्या बेघरांसाठी मदत पाठवली. आपलीही घरे अशीच गेली होती, एवढेच त्यामागचे कारण. सप्टेंबर २०१६ मध्ये ट्रुडो यांनी संयुक्त राष्ट्रांत या कुटुंबाचा उल्लेख केला. प्रत्येक निर्वासिताने असा उद्योग उभारावा, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. पण कालपर्यंत मदत घेणारे हात उद्या देणारे होऊ शकतात, हे या गोष्टीतून दिसते.

पैशाच्या हिशेबाचे काय?

चांगल्या हेतूने जमवलेला पैसा अडकून पडल्याचे प्रसिद्ध उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. त्यांच्यासाठी पंडित रविशंकर आणि ‘बीटल्स’चे जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन मैफली केल्या. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर ‘युनिसेफ’ला लगेच मिळाले. पण त्यानंतरच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाची मोठी कमाई करांच्या वादात अनेक वर्षे अडकली. कार्यक्रमाआधी करसवलतीसाठी आवश्यक ती नोंद झालेली नव्हती, एवढेच निमित्त. छावणीतल्या मुलाला दूध आज हवे असते, लेखापरीक्षणानंतर नव्हे.

त्याच वर्षी भारतात सक्तीची वर्गणीही होती. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर निर्वासित साहाय्याचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे आणि ते मार्च १९७३ अखेरपर्यंत चालले. महाराष्ट्रात एसटीच्या तिकिटावर १५ पैशांचा अधिभार आला. युद्ध संपले, निर्वासित परतले, तरी अधिभार राहिला आणि पुढे तो पोषण आहाराच्या कामाकडे वळला. बसमधील प्रत्येकाने पैसे दिले, पण आपण कोणासाठी देतो आहोत, हे फार थोड्यांना आठवत राहिले. कोट्यवधींच्या लोंढ्यासाठी असा कर लागतोच. एका कुटुंबासाठी गावाने जमवलेला पैसा हा वेगळा प्रकार आहे, कारण देणारा आणि घेणारा एकाच दुकानात भाजी घेतात.

म्हणूनच आजच्या नियमांत हिशेबाला जागा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला पाच हजार पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्या धर्मादाय संस्थेला सर्वसाधारणपणे धर्मादाय आयोगाकडे नोंदणी करावी लागते. कॅनडात प्रायोजकाने निर्वासिताकडून पैसे मागणे किंवा नंतर परत घेणे याला मनाई आहे. कुटुंब आलेच नाही तर जमलेल्या पैशाचे काय करायचे, हे देणगी मागतानाच सांगणे शहाणपणाचे ठरते. अनेकदा वाट पाहण्यात वर्ष-दोन वर्षे जातात आणि ‘आमचे पैसे कुठे गेले’ हा प्रश्न गावात विचारला जातोच.

आक्षेप कोणते आहेत?

पहिला आक्षेप असा, की सरकार आपली जबाबदारी नागरिकांच्या गळ्यात घालते. कॅनडातील संस्थांनी म्हणूनच सुरुवातीपासून एक तत्त्व लावून धरले : नागरिकांनी आणलेले निर्वासित हे सरकारच्या कोट्यापेक्षा जादा असले पाहिजेत, त्याच्या बदल्यात नव्हे. केकविक्री वाढली म्हणून सरकारी कोटा कमी झाला, तर निर्वासितांच्या पदरात काहीच जादा पडत नाही.

दुसरा आक्षेप निवडीचा. गटांना ‘आपल्यासारखे’ कुटुंब हवे असते किंवा आधी आलेल्यांचे नातेवाईक हवे असतात. ज्याचे कोणी ओळखीचे नाही, तो मागे राहतो.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे, उपकाराच्या ओझ्याचा. ज्यांनी घर दिले, तेच दररोज विचारू लागले की पैसे कशावर खर्च केले, नोकरी का सोडली, मुलीला का नाही पाठवले, तर मदत आणि पाळत यातील रेषा पुसट होते. कार्यक्रमाच्या फलकावर कुटुंबाचा फोटो छापावा का, हाही प्रश्न आहे. मागे राहिलेल्या आईवडिलांना त्यामुळे धोका होऊ शकतो. शिवाय आपल्या मुलाचे दुःख केकच्या टेबलावर मांडलेले कोणत्याही आईला आवडणार नाही. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कुटुंबाला असला पाहिजे, हे अनुभवी गट पहिल्याच बैठकीत ठरवून घेतात.

स्थानिकांचा विरोध नसतो का?

असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रिटनच्या अनेक शहरांत स्थलांतरितविरोधी दंगली झाल्या. ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रय मागणाऱ्यांना ठेवलेल्या एका हॉटेलवर जमावाने हल्ला करून आग लावण्याचा प्रयत्न केला. त्या हॉटेलातील लोक आणि सामुदायिक प्रायोजकत्वातून येणारी कुटुंबे यांचा कायदेशीर मार्ग वेगळा आहे. पहिल्यांच्या अर्जावर निर्णय व्हायचा असतो आणि तोवर बहुतेकांना काम करण्याची परवानगी नसते. पण फरक आणखी एक आहे. हॉटेलात कोण राहते, हे गावाला विचारून ठरलेले नसते आणि आत-बाहेर ओळख होण्याची सोयही नसते. प्रायोजक गटाला मात्र कुटुंब येण्याआधी पालिका, शाळा, घरमालक आणि शेजारी यांच्याशी बोलावेच लागते. घरांची टंचाई, दवाखान्यातील रांगा या तक्रारी खऱ्या असतात. निधीच्या कार्यक्रमात त्या उघडपणे बोलल्या जातात, ही या पद्धतीची जमेची बाजू. जवळच्या शेफिल्ड शहरात २००५ मध्ये सुरू झालेली ‘सिटी ऑफ सँक्चुअरी’ चळवळ याच विचारावर उभी आहे.

आज पेच कोणता आहे?

लोक तयार आहेत, पण दारे अरुंद होत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी निर्वासितांचा प्रवेश स्थगित केल्यावर अमेरिकेची ‘वेलकम कोअर’ थांबली. पैसे जमवून, घर पाहून बसलेल्या गटांच्या हाती काही राहिले नाही. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ अखेरीस पाच नागरिकांच्या गटांकडून आणि स्थानिक संस्थांकडून येणारे नवे अर्ज घेणे थांबवले, कारण आधीच्या अर्जांचा ढीग साचला होता. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी आश्रयाचे नियम कडक करण्याचा आराखडा मांडला. त्यातच मर्यादित संख्येने कायदेशीर मार्ग खुले करून सामुदायिक प्रायोजकत्वाला त्यात महत्त्वाचे स्थान देण्याचा प्रस्ताव आहे. म्हणजे एका हाताने दार ओढून घेतले जात असताना, जी फट उरेल तिची किल्ली नागरिकांच्या गटांकडे दिली जाईल, असे दिसते. तेव्हा ‘सरकारच्या कोट्यापेक्षा जादा’ हे तत्त्व टिकते का, हा कळीचा मुद्दा ठरेल.

मग या वर्गणीने फरक किती पडतो?

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी २७ लाख निर्वासित होते. त्या वर्षी तिसऱ्या देशात पुनर्वसन झालेले होते १ लाख ८८ हजार ८००, म्हणजे हजारांत चार-पाच. सुमारे ७३ टक्के निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात, बहुतेक जण शेजारच्या देशात. या प्रश्नाचे उत्तर केकविक्रीत नाही, हे उघड आहे.

तरीही कॅनडात १९७९ पासून तीन लाखांहून अधिक लोक या मार्गाने आले. त्यातील अनेक जण आज स्वतः प्रायोजक गटांत आहेत. १९७९ मध्ये होडीतून उतरलेल्या मुलांनी मोठेपणी सीरियन कुटुंबांसाठी पैसे जमवले. आपल्याला विमानतळावर घ्यायला कोण आले होते, हे त्यांच्या लक्षात होते. एका वर्षाचे भाडे ही या व्यवहारातील मोजता येणारी रक्कम आहे. रात्री मुलाला ताप आला तर ज्याला फोन करता येईल असा एक क्रमांक हाताशी असणे, याची नोंद मात्र कुठल्याच ताळेबंदात होत नाही. आणि तो क्रमांक सरकार कितीही सक्षम असले, तरी शेजाऱ्याकडूनच मिळतो.